देवाचं टेबल

सुमनताई जगदाळे देवळात प्रसादाच्या ताटाला स्वतःहून हात लावत नाहीत. पुजाऱ्याने नाहीतर एखाद्या वडीलधाऱ्या बाईने हातावर ठेवला तरच घ्यायचा, ही सासूबाईंनी लावलेली सवय. निगडीच्या ओटा स्कीम वस्तीत त्यांना ओळखतात तेही मंगळवारच्या आरतीत टाळ धरणाऱ्या सुमनताई म्हणूनच. अशा बाईचं नाव पोलिसांच्या कागदावर चोर म्हणून चढलं. आणि चोरी कशाची, तर देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या चांदीच्या टाकाची. हे ऐकून ज्याला काहीच वाटत नाही, त्याला पुढचं सांगून उपयोग नाही.

सुमनताई आणि त्यांचे यजमान ज्योतीराम मूळचे धाराशिवकडचे. पाऊसपाण्याने दगा दिला म्हणून नाही, धाकट्या दिराच्या लग्नानंतर घरात पाय ठेवायला जागा उरली नाही म्हणून इकडे आले. ज्योतीराम तळवड्याच्या एका गोदामाचा टेम्पो चालवतात. सुमनताईंनी आधी पोळ्या लाटल्या, मग शिवणकाम केलं, आणि लेक दिव्या कॉलेजात गेल्यावर चाकणजवळच्या साहेबरावांच्या कंपनीत पॅकिंगला लागल्या.

साहेबरावांचं तिथलं जुनं शेतकरी घराणं. जमीन कारखान्यांत गेली, आलेल्या पैशात त्यांनी मोठी पत्र्याची शेड टाकली आणि दवाखान्याचं सामान बनवायला घेतलं. खाटा, सलाईन लावायचे दांडे, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांना लागणारी बाळंतपणाची टेबलं. गावोगावच्या गरीब बायका ज्याच्यावर आडव्या पडून कळा देतात ते टेबल. माणूस मोठा भाविक. कपाळाला भंडारा, गळ्यात देवाचा बदाम, शेडच्या दारात चप्पल काढून उंबऱ्याला हात लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचा नाही. शेडच्या एका कोपऱ्यात संगमरवरी देव्हारा केलेला, त्यात घराण्याचा खंडोबाचा टाक.

त्या कंपनीची एक रीत होती. नवीन ऑर्डर सुरू झाली की पहिला नग देवाचा. साहेबरावांच्या आई कुशाबाई गाडीतून यायच्या, त्या पहिल्या टेबलाला हळदकुंकू लावायच्या, नारळ फुटायचा, आणि ते टेबल देव्हाऱ्याशेजारी उभं राहायचं. ऑर्डर पुरी होईपर्यंत ते विकायचं नाही, त्याच्यावर डबा ठेवायचा नाही, त्याला टेकून उभं राहायचं नाही. ऑर्डर संपली की कुशाबाई ते आपल्या माहेरच्या दवाखान्याला दान द्यायच्या. सुमनताईंना ही रीत इतकी आवडली की पहिल्याच महिन्यात त्यांनी घरी येऊन ज्योतीरामांना सांगितलं, "चांगल्या जागी पडले बगा. मालक देवाला पुढं ठेवून काम करतो."

कुशाबाईंनीही त्यांना हेरलं. "तुजा हात निर्मळ हाय बाय," त्या म्हणाल्या. "रोज सकाळचा दिवा तू लावीत जा." तेव्हापासून शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुमनताई दिवा लावायच्या, देवाच्या टेबलाला बोटभर हळदकुंकू लावायच्या, आणि मग प्लास्टिकच्या पट्ट्या नि पुठ्ठे घेऊन कामाला लागायच्या.

पॅकिंगच्या बायकांची एक श्रद्धा होती. इतर टेबलं एकटी बाई उचलून कडेला सरकवायची, पण देवाचं टेबल हलवायला दोघी लागायच्या. झाडायला सरकवलं की कंबर दुखायची. कुणीतरी एकदा म्हणालं, अगं देव बसलाय त्याच्यावर, जड लागायचंच. तेव्हापासून तेच धरून चाललं. सुमनताईसुद्धा त्याला सरकवताना आधी पदर सावरून नमस्कार करायच्या. म्हणायच्या, "देवा, जरा उठा, खालचं झाडून घेते." हसायचं तर हसा. पण ज्या बाईने असा विश्वास धरला तिच्या विश्वासाचं पुढे काय केलं गेलं, ते ऐका.

गेल्या खंडेनवमीला शेड बंद होती. यंत्रं पुसून, तेल देऊन, झेंडू घालून ठेवलेली. त्या दिवशी कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही, सगळा दिवस पूजेचा. सुमनताईंनी देवाचं टेबल धुवायला घेतलं. पहिल्यांदाच आडवं करून खालून पुसलं. पुसताना फडक्याला काहीतरी अडकलं. एका पायाच्या आतल्या बाजूला लोखंडात ठोकलेले शिक्के होते. एकाशेजारी एक, दाटीवाटीने, दोन रांगा भरतील इतके.

शिक्के कसले हे त्यांना माहीत होतं. माल सरकारकडे रवाना व्हायच्या आधी तपासणीचा साहेब यायचा. त्याने ढिगातलं मनाला येईल ते एक टेबल काढायचं, त्याच्यावर वाळूची पोती ठेवून बघायची, आणि पास झालं की पायावर शिक्का ठोकायचा. मग ते टेबल बाकीच्या मालाबरोबर गाडीत जायचं. असा नियम होता. सुमनताईंच्या हाताखालून त्या ऑर्डरचा आजवरचा सगळा माल गेला होता, आणि एकाही पायावर त्यांनी शिक्का पाहिला नव्हता.

तरी त्या दिवशी त्यांच्या मनात पाप आलं नाही. त्यांनी सुपरवायझर गोरक्षला सहज विचारलं, "भाऊ, साहेब सगळे शिक्के देवाच्याच टेबलाला का मारतो?"

गोरक्षने इकडेतिकडे पाहिलं. "देवाचं आहे ना ताई. शुभ असतं."

आणि त्यांनी ते मानलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना या एका गोष्टीची सगळ्यात जास्त चीड येत राहिली, की शुभ असतं म्हटल्यावर आपण मान डोलावली.

दिवाळीनंतर एका सकाळी टेम्पोतून एक टेबल परत आलं. ताडपत्रीखाली झाकलेलं. गोरक्ष म्हणाला, "ताई, हे मागे टाका, कुणाला दाखवू नका." ताडपत्री काढली तर टेबलाचा पाय मधोमध दुमडलेला, उसाचं चिपाड दुमडावं तसा. पाय टेकवायच्या पट्ट्यावर रक्त वाळून काळं पडलेलं. सुमनताईंनी तो पाय हातात धरला. फुटलेल्या जागी पाइपाची कड दिसत होती, डालड्याच्या डब्याइतकी पातळ. त्यांनी तशीच मान वळवून देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग उठून देवाच्या टेबलाचा पाय बोटाने वाजवून बघितला. भरीव, दणदणीत आवाज. शेजारी रवाना व्हायला उभ्या असलेल्या टेबलाचा वाजवला. रिकाम्या पिपासारखा.

म्हणजे टेबलावर देव बसला नव्हता. ते जड होतं कारण ते खरं होतं. बाकीची सगळी हलकी होती कारण ती खोटी होती. आणि आपण इतके दिवस त्या चोरीला चमत्कार समजून हात जोडत होतो.

सुमनताई तशाच मालकाच्या केबिनमध्ये गेल्या. रक्ताचा पट्टा हातात होता.

"दादा, त्या बाईचं काय झालं?"

"कुठल्या बाईचं?" साहेबरावांनी फोनवरची नजर काढली नाही.

"जी या टेबलावर होती."

"बरी आहे म्हणे. पडली जरा. तुम्ही कशाला काळजी करता ताई, वाहतुकीत पाय वाकला असेल."

"वाहतुकीत वाकला तर रक्त कुठून आलं?"

साहेबराव आता नीट बसले. रागावले नाहीत, उलट समजावू लागले. "हे बघा, सरकारी काम आहे. भाव एवढा पाडून घेतात, वर ज्याला त्याला वाटायचं असतं. त्या भावात जाड पाइप कसा घालू मी? सगळेच असं करतात."

"मग देवाच्या टेबलाला कसा घातला?"

यावर त्या माणसाने जे उत्तर दिलं ते त्याने अगदी सरळ मनाने दिलं, त्यात खोच नव्हती, लाज नव्हती. तो म्हणाला, "देवाला कसं फसवायचं ताई?"

देवाची भीती होती. चार डोंगर चालून आलेल्या, पोटात जीव असलेल्या बाईची नव्हती. तिच्यात देव नसतो का? आणि ज्या देवाला घाबरून जाड पाइप घातला, त्याचंच टेबल तपासणीच्या साहेबापुढे दरवेळी ढकलायचं आणि पुन्हा आणून हळदकुंकवाला उभं करायचं.  सुमनताई पट्टा साहेबरावांच्या काचेच्या टेबलावर ठेवून बाहेर आल्या.

रविवारी त्या एकट्याच एसटीने निघाल्या. मोडकं टेबल जिथून परत आलं त्या गावाचं नाव त्यांनी टेम्पोच्या चलनावर वाचलं होतं; राजगुरुनगरला गाडी बदलून पश्चिमेकडच्या डोंगरातल्या त्या गावात पोचल्या. पडलेल्या बाईचं नाव तेजल. अजून पोरसवदाच. बाळ वाचलं होतं, आजीच्या मांडीवर चुळबुळत होतं. तेजलचं कमरेचं हाड मोडलेलं, ती पाठीवर पडून आढ्याकडे बघत होती.

"मी हलले न्हाई मावशी," ती म्हणाली. "सिस्टर मलाच बोलल्या, हलू नको म्हणलं हुतं ना. नवरा बी तेच म्हनतो. सगळी म्हनत्यात तूच हलली असशील."

सुमनताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू नाही हलली बाळा. टेबलच खोटं होतं."

तेजलचे डोळे आढ्यावरून खाली आले. मग तिने मान वळवून सासूला हाक मारली, "आत्याबाई, ऐकलं का? या काय म्हनत्यात त्ये ऐका." पोर रडत नव्हती, तिला फक्त कुणीतरी हे सासूपुढे म्हणायला हवं होतं.

घरी आल्यावर सुमनताईंनी दिव्याकडून तक्रार लिहवून घेतली. ज्या खात्याने टेबलं घेतली होती त्या खात्याच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिली, पोच घेतली. नाव गुप्त ठेवा अशी विनंती वर लाल शाईने लिहिली होती. आठवडाही गेला नाही, तोच कागद साहेबरावांच्या हातात. लाल शाईसकट. कुणी दिला, कसा दिला, कुणालाच माहीत नाही म्हणे. चोर पकडून द्यायला गेलेल्या बाईचा पत्ता चोराला कळवायचा, याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानेच ठरवावं.

सुमनताईंना गेटवरच थांबवलं. काम संपलं, या आता. आणि चार दिवसांनी पोलीस दारात आले. देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक गायब झाला होता. दिवा कोण लावायचं? सुमनताई. देव्हाऱ्याला हात कुणाचा लागायचा? सुमनताईंचा. नोकरीवरून काढल्याचा राग कुणाला होता? सुमनताईंना. घराची झडती झाली. पत्र्याच्या पेटीतल्या साड्या भर ओट्यावर उलगडल्या गेल्या, शेजारच्या बायका दारात उभ्या. काही सापडलं नाही, पण गुन्हा नोंदवला गेला, आणि राजगुरुनगरच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या.

त्या मंगळवारी त्या आरतीला गेल्या. मंडळाच्या गोजाबाई, ज्यांच्या नातवाच्या बारशाला सुमनताईंनी पाळणा सजवला होता, त्यांनी टाळांची पिशवी हळूच आपल्या मांडीखाली सरकवली. "सुमन, तसं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पण थोडे दिवस नको येऊस. प्रकरण निवळू दे. देवाचं काम आहे."

"देवाचं काम आहे म्हणूनच आले होते," सुमनताई म्हणाल्या आणि घरी आल्या. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या देव्हाऱ्यात दिवा लावला आणि टाळांशिवायच मोठ्याने आरती म्हटली. 

पिंपरीतल्या एका वकीलबाईचं नाव दिव्याच्या मैत्रिणीने सुचवलं. करिष्मा. वयाने लहान, बोलायला फटकळ, पण ऐकून घेणारी. तिने सगळं ऐकलं, तेजलकडे जाऊन आली, तिथल्या सिस्टरने काढून ठेवलेले मोडक्या टेबलाचे फोटो आणले. म्हणाली, "काकू, उच्च न्यायालयात जनहित याचिका टाकू. फी नको मला. पण एक सांगते, काही देशांत असं सरकारला फसवणाऱ्याला उघडं पाडलं ना, तर सरकार वसुलीतला वाटा त्या माणसाला देतं. तसा कायदाच आहे. आपल्याकडे तसलं काही नाही. तुम्हाला यातून काहीच मिळणार नाही."

"मिळालं की," ज्योतीराम कोपऱ्यातून म्हणाले. "आमचा वाटा आम्हाला आधीच पोचलाय. पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसवून दिला."

याचिका दाखल झाली. कंपनीला नोटीस गेली. कंपनीच्या वकिलाने उत्तर दिलं ते असं: अर्जदार बाई ही देवाची चांदी चोरल्यावरून काढलेली नोकर आहे, तिने सूडापोटी हे रचलं आहे, टेबलं सरकारी साहेबाने वेळोवेळी तपासून पास केली आहेत. आता यातलं एक अक्षर खरं करून दाखवायचं तर आधी चोरीचा आळ लागायला हवा होता, म्हणून तो लावला होता. काढून टाकलं आधी, टाक गेला नंतर, पण कागदावर क्रम उलटा करून लिहिला.

मग गोरक्ष निरोप घेऊन आला. दारातच उभा राहिला, चहाला नको म्हणाला. "ताई, दादा म्हणाले, याचिका मागे घ्या. टाक सापडला, गैरसमज झाला, असं पोलिसांत लिहून देतो म्हणाले. आणि दिव्याला ऑफिसात लावून घेतो."

तो गेल्यावर ज्योतीरामांनी जेवण बाजूला सारलं. "घे मागे," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"घे म्हणतो. टेबलं काय आपण बनवली? दिव्याला बघायला येणारे पहिल्यांदा काय विचारतील, कळतंय का तुला? आई काय करते? आई कोर्टात जाते, देवाचा टाक चोरला म्हणून. लेकीचं सोनं करायचं सोडून तू दुनियेच्या बाळंतिणी वागवायला निघालीस."

"दुनियेच्या?" सुमनताई म्हणाल्या. "दिव्याचं बाळंतपण काय राजवाड्यात होणार आहे?"

ज्योतीरामांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. दिव्या आतून म्हणाली, "मला नको त्यांच्या ऑफिसात नोकरी. आणि मला बघायला येणाऱ्याला असले प्रश्न पडत असतील तर तो चहा पिऊनच जाऊ दे."

पुढच्या आठवड्यात भर दुपारी दारात गाडी थांबली. काठी टेकत कुशाबाई उतरल्या. नऊवारी, कपाळाला भंडारा. त्या खाली चटईवरच बसल्या, पाणी प्यायल्या, आणि ड्रायव्हरला लांब जायला सांगितलं.

"सुमन, टाक माज्या घरी हाय."

सुमनताईंना आधी नीट कळलंच नाही.

"देवघरात, कोनाड्यात, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. मी सोताच्या डोळ्यानं बघितला. माज्या सासऱ्यानं जेजुरीस्नं करून आणलेला, मला वळखू येणार न्हाई व्हय? साहेबरावानं आणून ठेवला. देव हाय, फेकायचा कसा, मोडायचा कसा, म्हणून घरी आणला."

"आजी, मग तुम्ही..."

"ऐक. मी येते पोलिसात. सांगते, पोरीनं न्हाई घेतला, आमच्याच घरात सापडला. तुज्यावरचा डाग धुऊन टाकते. पन तू ती टेबलाची केस काढून घे." त्यांनी सुमनताईंचा हात धरला. "माजा एकुलता एक हाय गं. ल्योक हाय माजा."

किती दिवस ज्या एका वाक्यासाठी सुमनताईंचा जीव तळमळत होता, ते वाक्य समोर येऊन बसलं होतं. गोजाबाईच्या मांडीखालचा टाळ, ओट्यावर उलगडलेल्या साड्या, दिव्याचं लग्न, सगळं एका होकारात निवळणार होतं. त्यांनी म्हातारीच्या हाताकडे पाहिलं. त्याच हाताने टेबलाला हळदकुंकू लागायचं.

"आजी, तुमची किती बाळंतपणं झाली?"

"चार. तीन गेली, हा राहिला."

"त्या टेबलावरनं एक पोरगी पडली. तिचं हाड मोडलं, आणि सगळ्यांनी तिलाच बोल लावला. अजून तसली टेबलं गावोगाव उभी आहेत. उद्या कुणाचा एकुलता एक पडायचा."

"त्ये बघून घीन साहेबराव. नवीन देईल."

"मग देऊ दे आधी."

कुशाबाईंनी हात सोडवून घेतला. तोंड कडवट झालं. "लई शानी झालीस. चोरीचा डाग घेऊन बस मंग."

"बसते," सुमनताई म्हणाल्या. "तुम्ही मला चोर म्हणा आजी. पण त्या टेबलाला देवाचं म्हणू नका आता. त्या देवाला तुमच्या लेकानं खोट्या साक्षीला उभं केलंय. शिक्के बघा त्याच्या पायावरचे."

म्हातारी उठली. काठी घेऊन पायरी उतरली. मागे वळली नाही.

करिष्माला सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, हे आपण कोर्टात सांगू शकतो, पण त्या नाही म्हणाल्या की संपलं." आणि न्यायालयात पुढच्या तारखेला कंपनीने आणखी एक शपथपत्र दिलं. याचिकेत ज्या टेबलाचा उल्लेख आहे ते टेबल जुनं झाल्यामुळे कापून भंगारात दिलं, आता अस्तित्वात नाही. करिष्माचा चेहरा पडला. पातळ टेबलं तर गावोगाव होती, ती तपासून घेता आली असती. पण कंपनी म्हणणार, साहेबाने पास केली. खोटी तपासणी सिद्ध करायची तर ते शिक्क्यांनी भरलेलं टेबलच हवं होतं.

"कापलं नसणार," सुमनताई म्हणाल्या.

"शपथेवर लिहिलंय काकू."

"लिहू दे. त्या शेडमध्ये देवाच्या टेबलावर कटर चालवेल असा माणूस नाही. एकाला तरी विचार."

विचारावं लागलं नाही. गोरक्षने ज्योतीरामांना फोन केला. "भाऊ, नाव घेऊ नका माझं. दादांनी कापायला सांगितलं होतं. मी गॅस घेऊन उभा राहिलो, हातच होईना. वेल्डर म्हणाला, मी कुलदैवताचं खातो, माझ्याकडून नाही होणार. बाहेरचा माणूस आणायचं चाललं होतं, तेवढ्यात आजी आल्या. टेबल आडवं करवून पाय बघितले. टेम्पोत घालून घरी घेऊन गेल्या. दादांनी अडवलं तर म्हणाल्या, माज्या देवाचं हाय, माज्या दारात ऱ्हाईल."

करिष्माने न्यायालयाला ते ठिकाण कळवलं. न्यायालयाने पाहणीसाठी माणूस नेमला. कोर्ट कमिशनर, सोबत इंजिनिअरिंग कॉलेजचे एक सर, दोन्ही बाजूंचे वकील आणि अर्जदार म्हणून सुमनताई, असे सगळे साहेबरावांच्या घरी गेले. अंगणात तुळशीवृंदावनाच्या पलीकडे टेबल उभं होतं. वर स्वच्छ पांढरी चादर, पुढे पणती. कुशाबाई ओसरीवर बसल्या होत्या.

कंपनीचे वकील म्हणाले, "हे ते टेबल नाही. हे वेगळं आहे. आजी, सांगा ना यांना."

कुशाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "देवाचं हाय. खोटं कसं सांगू त्याच्यापुढं? बघा काय बघायचं त्ये. पन चपला काढून."

मग कमिशनरांनी बूट काढले, सरांनी काढले, करिष्माने सँडल काढल्या, कंपनीचे वकील मोजे घालूनच पुढे झाले तर म्हातारीने काठी आडवी केली, मग त्यांनीही मोजे काढले. सगळे अनवाणी त्या टेबलाभोवती वाकले. सरांनी पाइपाची जाडी मोजली. फोटो काढले. एकेका शिक्क्याची नोंद झाली, आणि प्रत्येक शिक्का एकेका गाडीच्या मालाचा निघाला. साहेबराव घरातून बाहेर आले नाहीत.

निघताना कुशाबाईंनी हळदकुंकवाचा करंडा घेतला आणि दारात आलेल्या सवाष्णीला लावावं तसं सुमनताईंच्या कपाळाला कुंकू लावलं. सुमनताईंनी वाकून नमस्कार केला. मग त्या तशाच उभ्या राहिल्या, म्हातारीच्या तोंडाकडे बघत. पाच पावलांवर देवघराचं दार उघडं होतं. कोनाडा इथूनही दिसत असेल.

"आजी, टाक?"

कुशाबाईंनी करंड्याचं झाकण लावलं. "सांभाळून जा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

टेबलाबद्दल खोटं बोलवलं नाही त्यांना, आणि लेकाविरुद्ध खरं बोलवलं नाही. देव जाणे त्यांचं मन. पण सुमनताईंना राग आला तो आलाच, आणि तो त्यांनी लपवला नाही. परतीच्या वाटेवर त्या करिष्माला म्हणाल्या, "कुंकू लावायला हात पुढे आला गं तिचा. त्याच हातानं फडकं सोडायला किती वेळ लागला असता?"

न्यायालयाने ती सगळी टेबलं तातडीने वापरातून काढायचा आदेश दिला. कंपनीने नवीन टेबलं स्वखर्चाने द्यायची, आणि ती प्रत्येक तपासून घ्यायची. तपासणीच्या साहेबावर आणि साहेबरावांवर चौकशी बसली. तेजलच्या गावातलं टेबल आधी बदललं. तिच्या सासूने शेजारणीच्या फोनवरून कळवलं, "नवीन आलंय, आमी चौघींनी बसून बघितलं." मग म्हणाली, "आमच्या सुनेला मी बोलले हुते. चुकलं माजं."

मंगळवारच्या आरतीला गोजाबाई अजून म्हणतात, निकाल लागू दे. निकाल कसला, तर चोरीचा. कारण ती केस वेगळी. टेबलाच्या केसमध्ये काय ठरलं याच्याशी तिचा संबंध नाही. टाक मिळालेला नाही, फिर्याद कायम आहे, आरोपी जामिनावर आहे. हजारो बायकांच्या पाठीखालचं खोटं काढून टाकणारी बाई महिन्याच्या महिन्याला पहाटे उठून स्वयंपाक करते, डबा बांधते, आणि राजगुरुनगरची एसटी पकडते. ज्योतीराम आता सोबत येतात. टेम्पोची एक खेप बुडते, बुडू दे म्हणतात.

मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्यावर जागा नव्हती. सुमनताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. साहेबरावांचे वकील जवळून जाताना थांबले, हसून म्हणाले, "ताई, अजूनही मिटवता येईल. एक शब्द टाका आमच्या दादांकडे."

"मी टाक घेतला नाही," सुमनताई म्हणाल्या. "ज्यानं घेतला त्याला माहीत आहे तो कुठे आहे. त्यानं शब्द टाकावा, माझ्याकडे नाही, देवाकडे."

आतून शिपायाने पुकारा केला. आरोपी सुमन ज्योतीराम जगदाळे. व्हरांड्यातल्या दोनचार माना वळल्या, चोर कशी दिसते ते बघायला. सुमनताईंनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि त्या बघणाऱ्यांच्या डोळ्याला डोळा देत, कुणाला वाट द्यायला न थांबता आत गेल्या.

"हजर," त्या म्हणाल्या.